साडभावांचं संत्रं आणि भिंतीपलीकडचं लिंबू

माझ्या थोरल्या साडभावांइतका संशयी माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही, असं मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. फक्त त्यांच्यासमोर नाही. कारण 'अख्खं वऱ्हाड तुमी कवा पाह्यलं?' हा पहिला प्रश्न ते मलाच विचारतील. दूधवाला, हवामानाचा अंदाज, लग्नपत्रिकेतला मुहूर्त आणि डॉक्टरचं हसणं, या सगळ्यांवर त्यांचा सारखाच अविश्वास. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले हे ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहतात आणि दोन्ही जुळली, तर 'दोघंई मिळालेले असतीन' म्हणून शेजाऱ्याला वेळ विचारतात. त्यांच्या घरी गेलेल्या पाहुण्याला पाणी मिळतं, चहा मिळतो, माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, खुशीत असली तर गरम गिला वडाही मिळतो. पण त्याआधी 'काहून आले?' या प्रश्नातून कोणाचीच सुटका नसते. मी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जातो आहे. अजूनही अकोल्याहून निघून त्यांच्या अमरावतीच्या फाटकात पोचलो, की ते चष्मा कपाळावर सरकवून माझ्या पिशवीकडे पाहतात आणि म्हणतात, "काहून जी, अचानक?" आदल्या दिवशी फोन केलेला असतो. तो त्यांनीच उचललेला असतो.

याचा दोष मी त्यांच्या स्वभावाला देत नाही, नोकरीला देतो. ते वीज खात्यात होते आणि त्यातही चोऱ्या पकडणाऱ्या पथकात. खांबावरच्या तारेला गुपचूप वायर अडकवून फुकट वीज घेणं, याला आमच्याकडे 'आकडा टाकणं' म्हणतात. साडभावांनी उभा जन्म आकडे शोधण्यात घालवला. त्यामुळे त्यांना कुठेही उजेड दिसला की तो कुठून आला, हाच विचार आधी येतो. माझं लग्न अकोटला होतं. मंडपात झगमगाट होता, सनई लागली होती, मी बाशिंग बांधून उभा होतो, आणि वधूपक्षाचे थोरले जावई म्हणून ज्यांनी माझं स्वागत करायचं ते साडभाऊ माना वर करकरून मंडपाच्या मागच्या बाजूला गेले. मंडपवाल्याने आकडा टाकला होता. साडभावांनी तो स्वतःच्या हाताने काढला. अंतरपाटासकट सगळा मंडप अंधारात गेला. सासरे हात जोडून म्हणाले, "जावईबापू, घरचं कार्य आहे!" त्यावर साडभाऊ शांतपणे म्हणाले, "म्हनूनच तं काढला." जनरेटर येईपर्यंत आम्ही दोघं नवराबायको एकमेकांना न पाहता उभे होतो. माझी बायको म्हणते, तेवढाच काळ आमच्यात भांडण नव्हतं.

पण हा माणूस कोरडा नाही. माझी मुलगी झाली तेव्हा बायकोची प्रकृती बिघडली होती. साडभाऊ पहिल्या गाडीने अकोल्याला आले, दवाखान्याच्या बाकावर ठाण मांडून बसले आणि आत जाणारी सलाइनची प्रत्येक बाटली थांबवून तिच्यावरची तारीख वाचत राहिले. नर्सने वैतागून विचारलं, "काका, तुमाले आमच्यावर भरोसा नाई काय?" हे म्हणाले, "नाई." पण दिवसभरात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्यांची माया अशी तपासणीच्या रूपानेच येते, हे ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

निवृत्त झाल्यावर पकडायला चोर उरले नाहीत आणि त्यांनी बाग लावली. घरासमोर थोडी मोकळी जागा होती. तिथे त्यांनी एक सीताफळ, एक जांब म्हणजे पेरू, पपईची दोन झाडं लावली, आणि मधोमध, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते संत्र्याचं कलम. ते आणायला ते स्वतः शेंदूरजनाघाटला गेले आणि परत येताना एसटीत मांडीवर घेऊन बसले. रोपवाल्याने बिचाऱ्याने सांगितलं होतं, की कलमाच्या सांध्याच्या खाली फूट आली तर खुडून टाकत जा. घरी आल्यावर हे मेव्हणीला म्हणाले, "म्हने फूट खुडा. म्हंजे झाड मरन अन् आपन दुसरं न्याले जाऊ. समजते मले." आणि त्यांनी मनाशी ठरवलं, या झाडाला नखही लावायचं नाही.

आता शेजार सांगायला हवा. भिंतीला भिंत लावून एका निवृत्त नर्सबाईंचं घर. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, म्हणून मीही म्हणतो. यजमान पूर्वीच गेले, मुलगा नागपूरला नोकरीत. त्यांच्या अंगणात, भिंतीला अगदी लागून, कागदी लिंबाचं एक झाड होतं. उन्हाळ्यात गल्लीतल्या निम्म्या घरांचं सरबत त्या झाडावर चालायचं. बुद्धपौर्णिमेला सिस्टरकडची खीर भिंतीवरून इकडे यायची आणि पोळ्याला मेव्हणीच्या पुरणपोळ्या भिंतीवरून तिकडे जायच्या. सिस्टरचा आवाज वॉर्डातल्या सवयीने मोठा. रोज सकाळी दात घासता घासता त्या भिंतीपलीकडून हाक मारायच्या, "भाऊ, बीपीची गोळी घेतली काय?" आणि हे इकडून म्हणायचे, "तुमाले काहून पाह्यजे?" हा त्यांचा नमस्कार. जगात एवढ्या एकाच बाईच्या हातची गोळी साडभाऊ तारीख न वाचता गिळायचे.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण एके दिवशी कोणीतरी त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. एका झाडाचे परागकण मधमाश्या दुसऱ्या झाडावर नेतात आणि त्यातून दोन जातींची सरमिसळ होते, असं काहीसं त्यात होतं. साडभावांनी तो लागोपाठ कितीदा पाहिला कोण जाणे. मी त्या आठवड्यात गेलो तेव्हा मला खुर्चीवर बसवून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमाले सांगतो, हे आकडेच आहेत. दिवसाढवळ्या चालू आहेत अन् कोनाचं लक्ष नाई."

त्या दिवसापासून बागेत पथक फिरू लागलं. एकट्याचंच, पण पथक. सीताफळाच्या फुलांवर गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या सीताफळाचा पराग पडू नये म्हणून त्यांनी मेव्हणीकडून जुन्या अस्तराच्या इवल्या पिशव्या शिवून घेतल्या आणि एकूण एक फूल बांधून टाकलं. झाड जत्रेतल्या नवसाच्या झाडासारखं दिसायला लागलं. त्या वर्षी सीताफळाला एकही फळ आलं नाही. मेव्हणी म्हणाली, "लुटालूट थांबली बाप्पा, अन् दुकानई बंद झालं." पपईच्या बाबतीत त्यांना वाटलं, फुलंच फुलं येणारं एक झाड नुसतंच रिकामटेकडं उभं आहे, तेव्हा ते पाडलं, ते नर होतं हे दुसऱ्याला फळ धरेना तेव्हा कळलं. संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून मधमाशी कुठल्या दिशेने आली आणि कुठे गेली, याची टेहळणी करत. एखादी माशी भिंतीवरून आली, की मान वळवून म्हणत, "आली. तिकडूनच आली."

कारण खरा संशय होता लिंबावर. संत्रं आणि लिंबू एकाच कुळातलं, हे त्यांनी ऐकलं होतं. आता पुरावा हवा. एका पहाटे सिस्टर फुलं तोडायला बाहेर आल्या, तर हे भिंतीवर पोट टेकून, कपड्यांना घालायच्या निळीची पूड चाळणीने लिंबाच्या फुलांवर भुरभुरवत होते. माशीच्या पायाला नीळ लागेल आणि ती संत्र्यावर उतरली की रंगेहाथ सापडेल, असा डाव होता. सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, झाड धुऊन राहिले काय?" हे जरा ओशाळले, पण चाळणी सोडली नाही. "तुमचं लिंबू माह्या संत्र्यात घुसते," म्हणाले. सिस्टर एवढ्या हसल्या की समोरची माणसं खिडकीत आली. "घुसू द्या ना जी! गोड सरबत होईन!"

मी माझ्या परीने समजावून पाहिलं. अकोल्यात शेतकी शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, परक्या परागाने फार तर बियांत फरक पडतो. ती बी पेरली तर पुढचं झाड वेगळं निघेल; पण यंदाच्या फळाचा गर आईसारखाच राहतो. हे मी साडभावांना शब्दशः सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यायच्या घरी लिंबाचं झाड आहे काय?" मी म्हणालो, असेल. "मंग झालं," ते म्हणाले.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती आणि तिच्याकडे कोणाचंच नीट लक्ष गेलं नव्हतं. एका मे महिन्यात साडभाऊ आणि मेव्हणी लेकीकडे पुण्याला गेले. अमरावतीचं ऊन त्या वर्षी माणसालाही सोसवत नव्हतं. कोवळं कलम वरून जळत आलं. सिस्टरच्या ते लक्षात आलं, तसं त्यांनी भिंतीवरून नळी टाकून रोज पाणी द्यायला सुरुवात केली. वरच्या बऱ्याच फांद्या वाळल्या, पण खालून झाडाने जोरदार धुमारे काढले. परत आल्यावर साडभाऊ झाडाभोवती फिरले आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, "पानी काहून देल्लं असंन बरं?" हेच त्यांचं आभार मानणं असावं, अशी मी समजूत करून घेतली.

पुढच्या काही वर्षांत ते झाड असं माजलं की पाहत राहावं. काटेरी, हिरवंगार, भिंतीच्या वर गेलेलं. मग एकदाचा बहार धरला, फळं लागली, मोठी झाली. पहिलं फळ तोडायला त्यांनी आम्हाला मुद्दाम अकोल्याहून बोलावलं. सिस्टरही भिंतीपलीकडे येऊन उभ्या राहिल्या. फळ संत्र्याएवढं, पण पिवळं आणि खडबडीत. साल निघता निघेना. साडभावांनी फोड तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा असा आक्रसला की मेव्हणी पाणी आणायला धावली. मी चाखलं. निव्वळ आंबट. लिंबाच्या थोबाडीत मारील असं आंबट.

सिस्टर भिंतीवरून चेष्टेने म्हणाल्या, "काय जी, लागला काय गोड?"

साडभाऊ वळले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "तुमच्या लिंबानं," ते म्हणाले, "माह्या झाडाची जात बाटवली."

मेव्हणी हातात तांब्या घेऊन दारातच थांबली. सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरायला थोडा वेळ लागला, जसं कोणी काय बोललं हे उशिरा ऐकू यावं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झाडाचंच म्हनून राहिले ना, भाऊ?"

साडभाऊ काहीतरी बोलायला गेले. तोवर सिस्टर आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. लिंबाचं झाड दुपारपर्यंत पडलं. मेव्हणी धावत गेली, तर सिस्टर ओसरीत खुर्चीवर बसून ते पाहत होत्या. "राहू दे बाई," त्या म्हणाल्या, "भाऊले झोप येऊन नाई राहिली आमच्या झाडानं. येऊ दे झोप." त्या वर्षी खीर आली नाही. मेव्हणीने पुरणपोळ्या केल्या, झाकून ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरातच संपल्या.

साडभाऊ मला फोनवर सांगत राहिले, "मी झाडाले म्हनलं. झाडाच्या वानाले जातच म्हंतेत ना? तुमीच सांगा." मी हो म्हणायचो. मग ते, "पन बाई काहून एवढी..." एवढं म्हणून फोन ठेवायचे. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे शोधण्यात हयात गेलेल्या माणसाला आपल्या मनात काय होतं, ते सापडत नव्हतं.

पुढच्या बहाराला भिंतीपलीकडे मोकळं आभाळ होतं. लिंबू नव्हतं, फूल नव्हतं, कोणाच्या पायाला पराग लागायची सोय नव्हती. फळं आली. पिवळी, खडबडीत, आंबट.

त्या दिवशी मी योगायोगाने तिथेच होतो. साडभावांनी फळ चाखलं आणि खाली ठेवलं. मग त्यांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते: दिवा सोडला आणि तार धरली. फळाची एक फांदी हातात घेतली आणि ती कुठून येते हे पाहत पाहत, काटे टोचून घेत, ते खाली खाली आले. दुसरी फांदी घेतली, तिसरी घेतली. शेवटी गुडघे टेकून त्यांनी बुंध्याजवळची माती हाताने उकरली. कलमाचा सांधा दिसला. त्याच्या वर वाळलेलं, बोटाएवढं जुनं खोड होतं आणि त्यावर कशीबशी जगलेली एकच बारकी फांदी. बाकीचा तो सगळा माजलेला, काटेरी पसारा सांध्याच्या खालून फुटलेला होता. कलम करताना संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटणारा कोंब, जंबेरीच्या मुळावर बसवतात. जंबेरी म्हणजे रानटी, आंबट लिंबाचा प्रकार; मूळ दणकट म्हणून खाली तो वापरतात. वरचं संत्रं त्या उन्हाळ्यात जळालं होतं आणि खालच्या जंबेरीने घर बळकावलं होतं. जी फूट खुडायला सांगितली होती, ती साडभावांनी खतपाणी घालून वाढवली होती. कोणी कोणात घुसलं नव्हतं. मधमाश्या निर्दोष होत्या. लिंबू निर्दोष होतं.

ते तसेच मातीत बसून राहिले. मेव्हणी दारातून सगळं पाहत होती. ती एवढंच म्हणाली, "पानी देऊन वाचवलं तिनं. नाईतं हेई नसतं राह्यलं."

संध्याकाळी साडभाऊ मला म्हणाले, "चला माह्यासंगं." मी उठलो. भिंतीपाशी न जाता ते फाटकातून बाहेर पडले आणि सिस्टरच्या फाटकातून आत गेले. इतक्या वर्षांत ते त्या बाजूने कधी गेले नसावेत, कारण कडी कुठल्या बाजूला सरकते हे त्यांना कळेना. सिस्टरने बसायला सांगितलं. समोर बुद्धाची मूर्ती होती, तिच्यापुढे जुईची फुलं. साडभाऊ बसले नाहीत.

"लिंबाची काई चूक नव्हती," ते म्हणाले. "जंबेरी फुटली होती. माह्याच झाडाच्या बुडातून."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

"मी तवा जे बोललो, ते झाडाले बोललो होतो."

"मले माहीत आहे, भाऊ. मानसाले बोलनारे असते तं तुमाले पानी पाजलं नसतं मी आजवर." त्या थांबल्या. "पन शब्द कुटून आला, ते पाह्यलं काय?"

साडभावांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ते काहीतरी कारण काढतील. त्यांना कारणं काढता येतात. पण ते म्हणाले, "घरातूनच आला, सिस्टर. लहानपनी ऐकला असंन. आत होता, मले माहीत नव्हता."

सिस्टर उठल्या, आत गेल्या. कपाटाचा आवाज झाला. पाण्याचे दोन पेले घेऊन त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बीपीची गोळी घेतली काय आज?" साडभाऊ नाही म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवण्यासाठी त्यांनी पेल्यात काही पडलं आहे का, हे पाहण्याचा बहाणा केला.

या गोष्टीला आता तीनेक वर्षं झाली. साडभावांनी जंबेरी तोडली नाही. सांध्यावरच्या त्या बारक्या फांदीला मोकळी हवा मिळावी म्हणून थोडी छाटली, इतकंच. फांदीला यंदा दोन-चार संत्री लागली आहेत म्हणे. सिस्टरला त्यांनी लिंबाचं रोप आणून दिलं आणि खड्डाही स्वतः खणला, भिंतीला अगदी लागून. ते अजून कमरेएवढंच आहे. खीर पुन्हा येऊ लागली आहे, पुरणपोळ्या जाऊ लागल्या आहेत. वरून पाहणाऱ्याला सगळं पहिल्यासारखं वाटेल.

परवा मी गेलो होतो, तेव्हा संध्याकाळी बेल वाजली. सिस्टर होत्या, हातात झाकलेला डबा. आता त्या भिंतीवरून हाक मारत नाहीत. फाटकातून येतात, चप्पल बाहेर काढतात, बेल वाजवतात आणि दार उघडेपर्यंत थांबतात. साडभाऊ लगबगीने उठले, दार उघडलं आणि म्हणाले, "बेल काहून वाजवता जी? आवाज देत जा ना तिकडूनच."

"देईन," सिस्टर हसून म्हणाल्या. "देईन ना."

मेव्हणीने सांगितलं, दर वेळी हे असंच म्हणतात आणि दर वेळी त्या असंच म्हणतात. सकाळी मात्र साडभाऊ दात घासायला अंगणात जातात आणि भिंतीजवळ उगाच रेंगाळतात. मी खिडकीतून पाहिलं. पलीकडे नळ सुरू झाला, बादली भरली, पावलं वाजली, दार लागलं. साडभाऊ आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिले, आणि मग चूळ भरून आत आले.